अंबाड्यातली आमरी

बोरिवलीत आमची चाळ संपली की रान सुरू व्हायचं. तिथल्या पायवाटेवर मला ऐनाची मोडून पडलेली फांदी सापडली आणि तिच्या सालीला घट्ट धरून बसलेली एक आमरी, म्हणजे रानटी ऑर्किड. मी तेव्हा बॉटनीच्या पहिल्या वर्षाला होते, म्हणजे जगातलं सगळं मला कळत होतं. फांदी तशीच खांद्यावर टाकून घरी आणली.

कॉलेजातल्या सरांनी पानं पाहिली आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "या डोंगरात ही असल्याचं मी नुसतं ऐकलंय. पण फूल पाहिल्याशिवाय नक्की सांगता यायचं नाही."

त्या फुलाने दोन वर्षं घेतली. फांदी मी खिडकीच्या गजांना काथ्याने बांधली होती. आमरी झाडावर बसते, पण झाडाचं खात नाही. मुळं हवेत सोडून पावसावर आणि ओलाव्यावर जगते. हे मी आईला शंभरदा सांगितलं. "बांडगूळच मां गो ता?" असं म्हणून ती गुपचूप तांदळाचं धुवण घालायची. मी परीक्षेच्या निकालाचीही कधी एवढी वाट पाहिली नव्हती.

अखेर एका शनिवारी गुलाबी तुरा उमलला. वाण्याच्या फोनवरून सरांना कळवलं, "उद्या चारला या." उड्या मारत घरी आले, तर बाबांनी जाहीर केलं की उद्या चारला मला बघायला येणार आहेत.

आमच्याकडे मुलगी दाखवायची तर केसांत फूल हवंच. आईने अंबाडा घातला, मागून वेणी माळली, वर आकडे खुपसले. कुठून आणली हे विचारायचं मला सुचलं नाही. मी मनातल्या मनात आमरीच्या पाकळ्या मोजत होते.

पोहे देऊन झाले आणि सर भिंग घेऊन दारात उभे. "कुठाय?" मी धावत खिडकीशी गेले. तुऱ्याच्या जागी बोटभर देठ.

"आई! माझी आमरी!" मी अशी किंचाळले की मुलाच्या हातातली बशी कलंडली.

"हलू नकोस!" मागून सर ओरडले. भिंग माझ्या अंबाड्याला लावून म्हणाले, "वा! काय ओठ आहे! असा ओठ जन्मात पाहिला नाही!"

आमरीच्या खालच्या पाकळीला ओठ म्हणतात हे मुलाच्या आईला कोण सांगणार? "कोण हे?" तिने विचारलं. "तिचे सर," बाबा कसेबसे म्हणाले. मंडळी चहा न घेताच उठली.

मला रडू फुटलं. स्थळाचं मेलं काय, तुरा गेला! पण सर हसत होते. "वेडे, तीच आहे. सगळी फुलं शाबूत आहेत."

तो तुरा आम्ही दाबून, सुकवून कॉलेजच्या संग्रहासाठी कागदावर चिकटवला. एक आकडा निघेचना, तोही तसाच ठेवला. 'कुठून मिळाली' या रकान्यात मी रान, ऐनाची फांदी असं लिहिलं. सर म्हणाले, खोटं नको, पुढचंही लिही. मग लिहिलं : तिथून खिडकी, तिथून माझा अंबाडा.

पुढच्या वर्षी आमरी पुन्हा फुलली. शेजारच्या काकू मुलीच्या साखरपुड्यासाठी तुरा मागायला आल्या, तर आई खिडकीला पाठ लावून उभी राहिली. "हात लावायचा नाय हां. ह्यापायी माझ्या चेडवाचा लगीन मोडलाहा."