आयर्लंडच्या विहिरीवर बांधलेली चिंधी

नामस्मरणाला बसले तरी डोळ्यांपुढे माझी धाकटी जाऊ सुमन यायची. तिचा मुलगा आयर्लंडमध्ये स्वतःचं घर घेऊन राहतो. माझा इथेच, विश्रांतवाडीत, माझ्याजवळ. माझे यजमान गेल्यावर सुमनने मला आग्रहाने आपल्याबरोबर तिकडे नेलं आणि तिथे मी हेव्याने नुसती जळत राहिले.

काय नव्हतं तिथे? समुद्रात सरळ उतरलेले कडे, हिरव्या टेकड्या, दगड रचून घातलेली कुंपणं. मेंढ्यांच्या पाठीवर ओळखीसाठी निळा रंग लावलेला. मला वाटे, तोही पुतण्याने आईला दाखवायला लावून घेतला असेल. सुमन सगळीकडे म्हणायची, वहिनी, इथे उभ्या राहा, फोटो काढते. मी फोटोपुरती हसायचे आणि मनात देवाला विचारायचे, हिलाच का? शेवटी मी ठरवलं, आज पुतण्याला सांगायचं, मला परत पाठव. पुन्हा यांच्याशी संबंध नको.

त्या दुपारी आम्ही एक पडका मठ पाहायला गेलो. उंच गोल मनोरा, शेवाळलेली थडगी. माझा गुडघा इतका दुखू लागला की त्या दोघांना टेकडीवर पाठवून मी भिंतीशी बसले. कुत्र्याला फिरवणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई मला पाहून थांबल्या आणि हात धरून मागच्या लहानशा विहिरीपाशी घेऊन गेल्या. काठावरच्या काटेरी झाडाला चिंध्याच चिंध्या बांधलेल्या. मला वाटलं, नवसाच्या असतील. त्यांनी सोप्या इंग्रजीत, खुणा करत समजावलं, इथे मागायचं काही नाही. चिंधी भिजवायची, दुखतं तिथे लावायची आणि बांधून निघून जायचं. ती कुजेल तसं दुखणं जातं. आपला रुमाल फाडून दोन्ही तुकडे त्यांनी माझ्या हातात ठेवले आणि त्या निघून गेल्या.

चिंधी भिजवून गुडघ्याला लावायला वाकले, पण हात छातीशी गेला. मला रडू आवरेना.

चिंधी बांधत होते तेवढ्यात सुमन आली. बाईंनी समजावलेलं सगळं तिला सांगून मी दुसरा तुकडा दिला. म्हटलं, "दुखतंय तिथे लाव."

सुमनने तो भिजवला, ओल्या गवतात बसली आणि माझ्या गुडघ्यावर दाबून धरला.

परत पाठव म्हणायचं राहूनच गेलं. त्या बाईंचं नाव मला ठाऊक नाही, दिवा लावताना त्यांना नमस्कार करते. हेवा अजूनही कधीतरी डोकं वर काढतो, पण आता मी त्याच्याशी भांडत बसत नाही. मी बांधून आले. कुजवायचं काम देवाचं.