भावकीत वाटलेला रिपोर्ट

जेवताना तुमच्या शेजारी बसलेला माणूस दोन घासांच्या मध्ये किती पाणी पितो, याकडे तुम्ही कधी लक्ष दिलंय का? मी दिलं नव्हतं. बाबा भाकरी आमटीत पार लगदा होईपर्यंत चुरायचे आणि प्रत्येक घासावर पाण्याचा घोट घ्यायचे. एका भाकरीला एक तांब्या लागायचा. ते गेल्यावर मी त्यांच्या आठवणीचं पत्रक लिहिलं. चुरलेल्या भाकरीवर समाधानी असणारा माणूस, असं त्यात अभिमानानं छापलं आणि कोल्हापूरच्या बिंदू चौकात उभं राहून वाटलं.

आमच्या घरात पत्रकांशिवाय दुसरं काही नव्हतं. आई मी लहान असताना गेली. बाबा कामगारांच्या संघटनेचं काम करायचे आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत पत्रकांचे गठ्ठे रचलेले असायचे. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. बाबांचा एकच नियम होता, खरं असेल तर छापायचं. माणूस कोण आहे ते बघायचं नाही.

मी नववीत असताना चुलत भावाचं लग्न ठरलं. काकांनी मुलीकडून हुंडा घेतला होता. बाबांनी सख्ख्या भावाचं नाव घालून पत्रक काढलं आणि मी ते मांडवाच्या दारात वऱ्हाडाच्या हातात एकेक करून दिलं. माझी छाती फुगली होती. त्या दिवसापासून काकांच्या घराशी आमचं बोलणं बंद झालं. कळंब्याला त्यांचं घर, आमच्यापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर. चौदा वर्षं त्या रस्त्यानं मी गेले नाही.

मी एकवीस वर्षांची असताना बाबा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेले. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं की हा एकट्यादुकट्याचा आजार दिसत नाही. आतड्यात कोंबांसारख्या गाठी येतात, शेकड्यानं येतात, त्यातली एखादी बिघडते. हे रक्तातून पुढं येतं. आई किंवा बापाला असेल तर प्रत्येक मुलाला असण्याची शक्यता निम्मी. माझी तपासणी झाली, गाठी निघाल्या, आणि तेविसाव्या वर्षी माझं मोठं आतडं काढून टाकलं.

बाबांनी आजारपणात भावाला काही कळू दिलं नाही. जगाचं खरं छापणाऱ्या माणसानं स्वतःच्या आजाराची एक ओळ भावाला पाठवली नाही. ते गेल्यावर मीही नाही पाठवली. मला वाटायचं, त्यांनी आधी यावं. दोन वर्षांपूर्वी काका गेले. कावीळ झाली होती, असं कुणाकडून तरी कळलं. मी रक्षाविसर्जनालाही गेले नाही.

ऑपरेशननंतर सगळे म्हणाले, सुटलीस. मलाही तसंच वाटलं. आतडं गेलं म्हणजे आजार गेला. पुढं छातीत जळजळायला लागलं, कधी भाकरीचा घास छातीच्या मधोमध अडून बसायचा, तेव्हा मी मेडिकलमधून पित्ताच्या गोळ्या आणून खाल्ल्या. वर्षभर खाल्ल्या. कोल्हापुरात जळजळ सांगितली की लोक तिखट कमी कर म्हणतात आणि विषय संपतो. वरून, म्हणजे तोंडातून, दुर्बिणीची तपासणी दर काही वर्षांनी करायची, असं कागदावर लिहून दिलेलं होतं. ती मी टाळत आले. तिथंही एक अडचण होती.

त्या तपासणीला सोबत माणूस लागतो. भूल उतरेपर्यंत एकटं सोडत नाहीत. मी फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत बघितली. मोर्चाला बोलावलं तर यातली शंभर माणसं येतील. पण दवाखान्याच्या बाकड्यावर माझी पिशवी धरून बसायला कुणाला सांगावं, हे सुचेना. गोळ्यांनीही घास अडायचा थांबेना, तेव्हा शेवटी एकटीच गेले.

सिस्टरनं विचारलं, "सोबत कोण हाय, ताई?"

कुणी नाही म्हटल्यावर तिनं माझ्या मागं दाराकडं बघितलं. मी खोटं बोलत असेन असं तिला वाटलं असावं. "मग भूल न्हाय देता यायची. घशात फवारा मारून जागेपणी करायला लागंल. जमंल न्हवं?"

जमेल म्हटलं. जमलं असं म्हणवत नाही. नळी घशातून उतरते तेव्हा माणूस ओरडूही शकत नाही, डोळ्यांतून आपोआप पाणी येतं. सिस्टरनं माझा खांदा दाबून धरला होता. मी हलू नये म्हणून धरला असेल, पण मला तो हात काढू नये असं वाटत होतं.

नंतर डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र दाखवलं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, जिथं ती जठराला मिळते, तिथलं अस्तर बदललं होतं. तो भाग फिकट गुलाबी असतो, माझा लालसर झाला होता. तिथून तुकडा काढून तपासायला पाठवला. काही दिवसांनी आलेला रिपोर्टही तेच सांगत होता. अन्ननलिकेचं अस्तर आतड्याच्या अस्तरासारखं झालंय. कॅन्सर नाही, पण सोडून देण्यासारखंही नाही, नजर ठेवायची. मी विचारलं, हे त्याच आजारामुळं का? त्यांनी सरळ सांगितलं की पक्कं सांगता येत नाही. हे पित्तानंही होतं. पण गाठींच्या आजाराच्या माणसांत सगळ्यांचं लक्ष आतड्याकडं असतं, आतडं काढलं की लोक येणंच बंद करतात आणि अन्ननलिकेकडं कुणी बघत नाही. मग त्यांनी विचारलं, वडिलांना गिळायला त्रास होता का?

मी लगेच नाही म्हणाले.

जिना उतरताना बाबांचा तांब्या माझ्या डोळ्यांपुढं आला. मी तिथंच पायरीवर बसले. कदाचित ती नुसती सवय असेल. कुणी नळी घालून बघितलंच नाही, त्यामुळं आता कधीच कळणार नाही. पण जो घास त्यांच्या छातीत अडत असेल, त्याला मी साधेपणा म्हणून छापलं होतं.

माझ्याशिवाय बाबांच्या रक्ताचं आता एकच घर उरलंय, ते म्हणजे चुलत भावाचं. मी रिपोर्टच्या झेरॉक्स काढल्या, ऑपरेशनच्या कागदांसकट. नाव झाकलं नाही. त्याच्या सुट्टीच्या दिवशी कळंब्याला गेले. दादा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत भट्टीवर काम करतो. दारात मला बघून तो उठला नाही. हातातल्या पाकिटाकडं बघून म्हणाला,

"काय, आज कुणाच्या नावाचं पत्रक?"

"या वेळी माझ्याच नावाचं, दादा."

तो हसला नाही, पण बस म्हणाला. वहिनी चहा ठेवून आत गेल्या. मी सगळं सांगितलं, बाबांचं, माझं, गाठींचं, निम्म्या शक्यतेचं. पत्रकासारखं सांगू नये म्हणून हळू बोलत होते, तरी मधूनच आवाज चढायचा. दादानं ऐकून घेतलं. आण्णांना, म्हणजे काकांना, कावीळ होती, असं तोही म्हणाला. गाठीनं पित्ताची वाट अडली तरी कावीळ होते, म्हणून आतून कुणी बघितलं होतं का विचारलं, तर त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मला काय धाड भरल्या? बारा तास भट्टीफुडं उभा ऱ्हातोय की." पाकीट न उघडता त्यानं टीव्हीखाली सरकवलं.

मी निघाले. फाटकापाशी वहिनी मागून आल्या. लग्नानंतर त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या.

"तुमच्या त्या पत्रकात खोटं कायबी न्हवतं," त्या म्हणाल्या. "पर माझा बा मांडवात मान खाली घालून बसलाता. तेवढं तुमी बघितलं न्हाईसा."

माझं चुकलं, मी म्हटलं. त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही, कारण त्या घराकडं बघत होत्या. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "ह्यास्नी रगत पडतंय. वरीस झालं. मूळव्याध हाय म्हंत्यात, दाखवत न्हाईत."

मी सांगितलं, मूळव्याध असेलही, पण ते बघून ठरवायचं असतं, अंदाजानं नाही. त्यांनी मुलीचं विचारलं. ती अकरा वर्षांची आहे. मी म्हटलं, आधी दादाचं बघू, त्याच्यात निघालं तर तिचं डॉक्टर सांगतील. त्या मान हलवून आत गेल्या आणि मी चालतच तलावापर्यंत आले. रिक्षा थांबत होत्या, पण बसावंसं वाटेना. खोलीवर जाऊन कुणाला हे सांगणार होते?

आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"आमी उद्या येतोय. उपाशीपोटी आणायचं का ह्यास्नी?"

मी वहिनींना सांगितलं की आतडं बघायचं असेल तर नुसतं उपाशी राहून चालत नाही, आदल्या दिवशी औषध घेऊन पोट साफ करावं लागतं, म्हणून उद्या फक्त डॉक्टरांना भेटायचं. काकांचे जुने कागद असतील तेही घेऊन या. मागून दादाचा आवाज आला, तिला इचार किती येळ लागतोय, मला सेकंड शिफ्ट हाय.

तपासणी झाली. गाठी आहेत. एक तुकडा पुण्याला पाठवलाय आणि त्याचा रिपोर्ट यायचा आहे. पुढच्या वेळी वरूनही, अन्ननलिकेपासून बघू, असं डॉक्टर म्हणालेत. दादा माझ्याशी अजून जेवढ्यास तेवढंच बोलतो. मी त्याच्या रिपोर्टची वाट बघतेय आणि चौदा वर्षं हिशेबात धरली तर माझं काय चुकलं ते मला नीट दिसतंय. हे कागद माझ्या ऑपरेशनच्या वेळीच कळंब्याला पोचायला हवे होते.

म्हणून ही विनंती. घरात कुणाला आतड्याच्या गाठी निघाल्या असतील, कुणी तरुण वयात आतड्याच्या कॅन्सरनं गेलं असेल, तर त्या कागदाच्या प्रती काढा. ज्या भावाशी, चुलत्याशी, आत्याशी तुमचं बोलणं बंद आहे, त्यांच्या दारात आधी जा. भांडण कुणाचं खरं होतं ते नंतर बघा. या आठवड्यात जा, आणि कागद हातात द्या.