आवाजाचा साठा

आमच्या साडूंइतका कान लावून जगणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडला नसता. बाकीचे लोक वस्तू डोळ्यांनी बघून घेतात, साडू ऐकून घेत. माठ घ्यायला गेले की बाजारातला एकूण एक माठ बोटाच्या पेरानं वाजवत, आणि शेवटी कुंभारीण कंटाळून त्यांना बसायला पोतं टाकून देई. भाड्याचं घर बघायला गेले की आधी रिकाम्या खोलीत मधोमध उभे राहून टाळी वाजवत. सुरतेच्या भेस्तानमधलं एक चांगलं हवेशीर घर त्यांनी केवळ टाळीचं उत्तर आवडलं नाही म्हणून सोडलं होतं. पंगतीत शेजारच्यानं पापड मोडला की हे न बघता सांगत, ‘कालचा हाय.’ माझी त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. मोठे जावई म्हणून ते मानानं पुढे आले, मीही आशीर्वादासाठी वाकलो, तर माझ्या कानाशी लागून म्हणाले, “तुमचा डावा जोडा वाजून रायला. तळाले खिळा निघाला असंन, पाहून घ्या.” पाहिलं तर खरंच निघाला होता. त्या दिवसापासून मी या माणसाला वचकून असे, आणि पुढे काय ऐकतील या कुतूहलानं त्यांच्या मागेमागेही असे.

त्यांचा धंदाही आवाजाचाच होता. रिक्षावर भोंगा लावून सुरतभर ज्या जाहिराती फिरत, त्यातल्या बऱ्याच जाहिरातींचा आवाज आमच्या साडूंचा. साड्यांचा सेल असो, मसाल्याचं नवीन दुकान असो, की भागवत सप्ताह. गुजराती, हिंदी, मराठी अशा तिन्ही भाषा ते माइकपुढे इतक्या शुद्ध बोलत की मूळ अकोल्याचा हा माणूस घरात ‘मले’ आणि ‘तुले’ करतो, हे कुणाला खरं वाटू नये. आवाज म्हणजे आवाज होता. ‘भव्य’ म्हणाले की ऐकणाऱ्याला मंडप दिसे. गंमत अशी की आवाज शहराच्या ओळखीचा आणि तोंड कुणाच्याच नाही. एकदा माझ्यासमोर भाजीवाल्यानं त्यांच्याचपाशी तक्रार केली, तो भोंगेवाला दुपारची झोप मोडतो म्हणून. साडू वांगी निवडत गंभीरपणे म्हणाले, “मोडते ना बाप्पा! माह्या बायकोचीबी मोडते.” त्या भोंग्यावर मनापासून खूश असलेली एकच व्यक्ती मला माहीत होती, ती म्हणजे माझी आई. नांदेडहून ती आमच्याकडे राहायला आली होती आणि तिला फार कमी ऐकू यायचं. घरातलं कुणाचंच बोलणं तिच्यापर्यंत नीट पोचत नसे. साडूंचं मात्र गल्लीच्या टोकापासून पोचे. “एवढा एकच माणूस बघा नीट बोलतो,” असं ती आम्हा सगळ्यांना ऐकवायची.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. कडोदऱ्याच्या ज्या डाइंग मिलमध्ये मी हिशेब लिहायचो, तिथे नुकताच कॉम्प्युटर आला होता, म्हणून घराण्यात मी त्या विषयातला जाणकार समजला जाई. एका रविवारी साडू आले आणि म्हणाले, “साडूभाऊ, मले कॉम्प्युटर घ्या लागते. लहानसा. पन आवाज चांगला पाह्यजे.” लहान का, तर ताईंची म्हणजे त्यांच्या बायकोची अट होती, की देवाच्या फळीखाली जेवढी जागा आहे तेवढ्यात मावला तरच तो घरात येईल. आवाज कशासाठी चांगला, हे त्यांनी सांगितलं नाही. मी समजलो, धंद्यासाठी.

रिंग रोडवर एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जिग्नेशभाईंचं दुकान होतं. त्यांना लहान हवं म्हटल्यावर त्यांनी छोटे मदरबोर्ड काढले. आवाजाची सोय बोर्डातच होती, वेगळं कार्ड लावायला नको. “काका, बधूं अंदर ज छे,” असं म्हणून त्यांनी बोर्ड जोडला, स्पीकर लावले आणि एक धडाकेबाज गाणं सुरू केलं. दुकान हादरलं. साडूंनी हात वर केला. “बंद करा.”

“नहीं गम्यूं?” आवडलं नाही का, असं जिग्नेशभाईंनी विचारलं.

“गाणं नको. काहीच लावू नका. काही वाजत नसताना काय ऐकू येतं, ते मला ऐकायचंय.” दुकानदाराशी ते माइकवरची भाषा बोलत. पिशवीतून त्यांनी स्वतःचे हेडफोन काढले, बोर्डाला लावले, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि डोळे मिटून बसले. जिग्नेशभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. बऱ्याच वेळानं साडू म्हणाले, “बरणीत माशी आहे.” हेडफोन माझ्या कानाला लावला. खरंच, झाकण लावलेल्या बरणीत माशी फिरावी तशी बारीक घूं-घूं चालली होती.

दुसरा बोर्ड जोडला. माशी नव्हती. पण साडू म्हणाले, “आता माउस हलवा.” जिग्नेशभाईंनी हलवला, आणि साडूंच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद पसरला. “ऐका, ऐका!” माउस डावीकडे नेला की कानात किर्र, उजवीकडे नेला की किर्र, थांबवला की थांबे. फाइल उघडली की आत कुणी तरी तांदूळ पाखडल्यासारखं होई. मग मीही हलवला, जिग्नेशभाईंनी हेडफोन लावून ऐकलं, आणि जन्मभर हेच विकत असूनही हे कधी ऐकलं नव्हतं म्हणाले. पाठीमागे बसून दुरुस्ती करणाऱ्या त्यांच्या भावानं कारण सांगितलं. लहान बोर्डात सगळ्या तारा, सगळे रस्ते अगदी चिकटून असतात. बोर्डाची इतर कामं चालली की त्यांची धुसफूस आवाजाच्या रस्त्यात झिरपते. साडूंना ते लगेच पटलं. “म्हणजे आपल्या चाळीसारखंच. प्लायची भिंत, आणि शेजारी भांडण.”

तिसऱ्या बोर्डावर आवाजाची चिप दुसऱ्यावरच्याच कंपनीची, त्याच नंबरची होती. म्हणून जिग्नेशभाई म्हणाले, याचंही तसंच असणार. साडूंनी ऐकलं, तर माशी नाही, किर्र नाही. मग ते चष्मा वर करून दोन्ही बोर्ड शेजारी ठेवून बघत बसले. चिप तीच, मग फरक कुठे? तिसऱ्या बोर्डावर ती एका कोपऱ्यात, बाकीच्यांपासून जरा जागा सोडून बसवली होती. दुसऱ्यावर ती गर्दीत होती. “नुसतं नाव विचारून काय होणार,” ते म्हणाले. “घर कोणत्या गल्लीत आहे ते विचारायला पाहिजे.” अशी खूण सापडल्यावर ते पेटलेच. चौथा, पाचवा, कपाटात मागे पडलेला सहावा, सगळे काढायला लावले. आता नुसती शांतता पुरेना. माइक लावून त्यांनी आपलं गप्प बसणं रेकॉर्ड करून घेतलं आणि तेच परत ऐकलं. एका बोर्डात ऐकायला सगळं स्वच्छ, पण बोललेलं सर्दी झाल्यासारखं उठे. जिग्नेशभाई काकुळतीला आले. “काका, मोटुं कॅबिनेट लई लो, अलग साउंड कार्ड नाखी आपुं.” ते कार्ड साडूंनी ऐकलं, उत्तम आहे म्हणाले, आणि हातानं देवाच्या फळीची उंची दाखवली. मोठं कॅबिनेट तिथे मावत नव्हतं.

अखेर तो कोपऱ्यातल्या चिपचा तिसरा बोर्डच ठरला. जिन्यानं खाली उतरताना मी हसत म्हणालो, “साडूभाऊ, साड्यांचा सेल ओरडायला एवढी शांतता कशाला लागते हो? भोंग्यावर तर सगळंच खरखरतं.”

ते जिन्यातच थांबले. आता घरची भाषा आली. “गळ्यात गाठ हाय साडूभाऊ. डॉक्टर म्हणे साधी हाय, पन काढा लागते. आवाज राहीन का नाही, त्याले सांगता येत नाही.” मी काही बोलणार तोच म्हणाले, “तुमच्या ताईले ऑपरेशनचं माहीत हाय. आवाजाचं नाही सांगतलं. म्हणून म्हटलं, पहिले साठा करून ठेवतो. एकेक शब्द वेगळा बोलून ठेवाचा. मंग पाह्यजे तसे जोडाचे. पन मांगं घूं-घूं असली तं सांधा दिसते ना. हरेक जोडावर माशी उडीन.”

खाली लोचोच्या गाडीपाशी आम्ही उभं राहून तो वाफवलेल्या चणाडाळीचा सुरती पदार्थ खाल्ला. ते चवीनं खात होते. माझी बशीही मी त्यांच्याकडे सरकवली.

मग साठा सुरू झाला. गल्लीत लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, खटके सतत चालत. वीज गेली की शांतता होई, पण तेव्हा कॉम्प्युटरही बंद. म्हणून कारखान्यांच्या सुटीचा वार धरून, भर मे महिन्यात, दारंखिडक्या लावून, पंखा बंद करून साडू माइकसकट गोधडीत शिरत आणि आतून सुरतेचं सगळं जग एकेक शब्दानं बाहेर येई. एकपासून शंभरपर्यंत आकडे. भेस्तान, कडोदरा, कामरेज. साडी, शाल, चादर. भव्य, अतिभव्य. ‘आज’ तीन सुरांत, कारण वाक्याच्या सुरुवातीचा आज आणि शेवटचा आज एक नसतो म्हणे. ताईंना कुकर लावायला बंदी. गोधडीतून घामानं निथळत बाहेर आले की ते पहिल्यांदा विचारत, “‘पन्नास’ कसं वाटलं?” ताईंना एव्हाना सगळं कळलं होतं.  त्या दिवसांत साडूंनी काहीही सांगितलं की त्या “पुन्हा सांगा” म्हणत. ऐकू आलेलं असूनही.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधीच निघाली. पुढे बरेच दिवस डॉक्टरांनी अवाक्षरही बोलू दिलं नाही. आईला घेऊन आम्ही भेटायला गेलो, तर साडू कॉम्प्युटरपुढे बसलेले. त्यांना आमच्यासाठी चहा सांगायचा होता. साठ्यात सगळं होतं, चहा नव्हता. त्यांनी बराच वेळ शोधाशोध केली, आणि देवाच्या फळीखालून धीरगंभीर आवाज उमटला, “सर्व भगिनींना… नम्र विनंती… गरम… गरम… चार… त्वरा करा.” ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या हसता हसता खालीच बसल्या, आणि मग पदर तोंडाला लावून रडू लागल्या. साडू घाबरले. घाईघाईनं त्यांनी काहीतरी दाबलं, तर आवाज म्हणाला, “निराश होऊ नका.” पुढचा शब्द लागून आला, “साडी.” माझी आई तेवढी समाधानानं मान डोलवत होती. तिला सगळं स्पष्ट ऐकू आलं होतं.

आवाज परत आला, पण तो नव्हता. बारीक, हवेत विरणारा, शेजारी बसलं तरच ऐकू येणारा. काही दिवस साठ्यावर धंदा चालला. साडू शब्दाला शब्द जोडत आणि कॅसेट तयार करत. सांधा खरंच दिसत नव्हता. बोर्ड चांगलाच निवडला होता. मग एका व्यापाऱ्यानं नवीन दुकान काढलं, त्याच्या मुलीच्या नावाचं. ते नाव साठ्यात नव्हतं. साडूंनी ते नव्या आवाजात बोलून मधे बसवलं. मला ऐकवलं. भव्य मंडपात कुणीतरी दबकत शिरावं, तसं ते नाव येत होतं. साडू पुन्हा पुन्हा ऐकत राहिले, अगदी दुकानात माउसची किर्र ऐकली होती तसे, उत्सुकतेनं. “पाहा ना,” ते हळूच म्हणाले, “दोघं येगळेच मानसं हायेत.” कॅसेट त्यांनी दिली नाही. धंदा कमी केला, एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्पीकर तपासायला जाऊ लागले, आणि तिथेही मालकाला छळू लागले.

आमच्याकडे येणं मात्र वाढलं. आईला आता त्यांचं बोलणं ऐकू येत नसे. म्हणून ते तिच्या खाटेवर बसत, तिच्या कानाला तोंड लावून काहीबाही सांगत. काय सांगत, ते आम्हाला कधी कळलं नाही. ती मधूनच हसायची.

पुढच्या थंडीत एका सकाळी आई गेली. साडू सोडले तर सुरतेत आमचं कुणी नव्हतं; नांदेडची माणसं पोचायला वेळ लागणार होता. चार खांदे कुठून आणायचे, याच विचारात मी ओट्यावर बसलो होतो. साडू आले, आत जाऊन आईजवळ थोडा वेळ बसले, आणि निघून गेले. थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी भोंग्याची रिक्षा आली. मला वाटलं, आता साठा वाजणार. पण मागच्या सीटवर साडू स्वतः बसले होते, हातात माइक घेऊन. भोंगा नेहमीसारखा मोठा लावलेला, आणि तरी आतून येणारा आवाज एवढासा.

“आमच्या साडूभाऊची माय आज सकाळी गेली,” ते म्हणाले. माइकवरची भाषा नव्हती ती. “चार वाजता न्या लागते. या.”

रिक्षा सावकाश पुढे सरकत होती. लूमच्या खटक्यांत ते धड ऐकू येईना, म्हणून लोक उंबऱ्याबाहेर आले. कान देत पायरी उतरले. गुजराती बायका, ओडिया कारागीर, कोपऱ्यावरचा भाजीवाला, काय म्हणतोय ते कळावं म्हणून रिक्षाच्या जवळ जवळ येत गेले, आणि कळल्यावर कुणी मागे फिरलं नाही. रिक्षा आमच्या दारापाशी थांबली, तेव्हा तिच्यामागे सगळी गल्ली चालत आली होती.