दोन ठोके, मग एक

लिहिण्याची सवय मला उशिरा लागली. सैन्यातही मी उशिराच दाखल झालो. मेहकरच्या शाळेतील नोकरी सोडून भरती झालो, तेव्हा सेक्शनमधील जवान माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे होते. सारे मला ‘मास्तर’ म्हणत. आघाडीवर आपल्यापायी कुणाचा तरी जीव जाईल, ही एकच धास्ती मला होती. ती मी कुणाजवळ बोललो नाही. आमचे सेक्शन कमांडर नाईक किसन वानखडे यांनी ती ओळखली असावी.

पलटण जपान्यांशी लढायला ब्रह्मदेशात जाणार हे ठरले आणि रजा मिळाली. नाईकसाहेब जानेफळचे. छावणीत मिळालेले जंगलाचे शिक्षण त्यांना अपुरे वाटे. रजेतील काही दिवस त्यांनी मला आणि मलकापूरच्या शिपाई महादूला सरावासाठी बोलावून घेतले.

प्रथम निर्जन जागा शोधायची होती. तीच सापडेना. मेहकरजवळच्या टेकडीवर आम्ही झुडपाआड दबा धरून बसलो, तर सरपण गोळा करणारी एक बाई थेट पुढ्यात येऊन उभी राहिली.

“काऊन लपून राह्यले बापा? भाकरी खाल्ली का नाही?”

तिने फडके सोडून भाकरी पुढे ठेवली. महादू म्हणाला, “नाईकसाहेब, अशानं तर आपुन उपाशी मरत नाही!”

शेवटी आम्ही उत्तरेला सातपुड्याच्या एका दरीत गेलो. तेथे माणूस नव्हता. नाईकसाहेबांनी नियम घातला: कुणीही हाक मारली तरी उत्तर द्यायचे नाही. दगडावर दगड आपटून दोन ठोके, थांबून आणखी एक, अशी खूण आली तरच तो आपला माणूस. नियम साधा होता. पण आमच्याकडे शेतातून आलेल्या हाकेला ओ न देणे म्हणजे उर्मटपणा. महादूच्या तोंडून प्रत्येक हाकेला “हाव!” निघे, आणि शिक्षा म्हणून त्याला नाल्याच्या वाळूत पाण्यासाठी झिरा खणावा लागे. आम्हाला पाण्याची ददात पडली नाही.

तिसऱ्या दिवशी एकेकट्याने दरी पार करायची होती. दुपारी माझा पाय मुरगळला आणि घरंगळताना पाण्याची बाटली फुटली. मी सावलीला सरकलो. उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तेवढ्यात वरून हाक आली.

“मास्तर! ओ मास्तर! कुठी हा?”

महादूच होता. मी गप्प राहिलो. मग नाईकसाहेबांचा आवाज आला: “मास्तर, आवाज द्या! ऑर्डर हाय माही!”

तरीही मी गप्प. नंतर दगड वाजला. दोन ठोके, मग एक. मी हाताशी आलेला धोंडा उचलून उत्तर दिले.

ते धावत आले. घोटघोट पाणी पाजत नाईकसाहेब म्हणाले, “जीव जाऊन राह्यला होता, तरी बोलले नाही?”

“आपलीच ऑर्डर होती, साहेब.”

“एवढी तर माह्या बायकोनंबी कधी आयकली नाही,” ते म्हणाले. मग हसू आवरून: “आता मले तुमची काळजी नाही.”

ती खूण नाईकसाहेबांनी पुढे साऱ्या सेक्शनला शिकवली. ब्रह्मदेशात एका सकाळी दाट धुके होते. आमची एक गस्त परतायची होती, म्हणून नाईकसाहेब एकटे पुढे पाहायला गेले. थोड्या वेळाने डावीकडच्या बांबूंतून हाक आली.

“अपने आदमी हैं! जवाब दो, भाई!”

गस्त परतली असे आम्हाला वाटले. महादूने तोंड उघडलेच होते. इतक्यात उजवीकडून, ओढ्यापलीकडून, दगड वाजला. दोन ठोके, मग एक.

खूण नाईकसाहेबांची होती; हिंदीत हाक मारणारे आपले नव्हते. मी महादूच्या तोंडावर हात दाबला. सेक्शनमध्ये कुणीही हूं की चूं केले नाही. शत्रूची मशीनगन दगडाच्या आवाजाकडे वळून धडधडू लागली आणि त्याबरोबर तिची जागा आम्हाला कळली. आम्ही फायर केले. दहा मिनिटांत सारे संपले. सेक्शनमधला एकच माणूस परत आला नाही.

महायुद्ध संपल्यापासून दर उन्हाळ्यात महादू आणि मी त्या दरीत जातो. वाटेत अजूनही कुणी ना कुणी जेवायला थांबवते. झिरा खणून आम्ही पाणी पितो. मग मी दगड वाजवतो, दोन ठोके आणि एक. तो आवाज पलीकडच्या कड्यावरून परत येतो.

त्याला महादू मोठ्याने ओ देतो, “हाव, नाईकसाहेब!”

तेथे मी त्याला कधी गप्प करत नाही.