सहा व्होल्टची गाडी, बारा व्होल्टचा मास्तर

शास्त्राच्या मास्तराने स्वतःच्या घरच्या वायरला हात लावू नये, हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. तेही मुलीच्या लग्नात.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, माजलगावच्या एका डॉक्टरांचे ड्रायव्हर होते. दवाखाना बंद करताना डॉक्टरांनी आपली म्हातारी विलायती मोटार आबांनाच देऊन टाकली. सगळी वीज सहा व्होल्टची! (तिच्या दिव्यांत आबांना रस्त्यावरचा बैल दिसायचा नाही, बैलाला मात्र गाडी दिसायची, म्हणून निभावलं.) पण हॉर्न! आमच्या गावाच्या, दिंद्रुडच्या वेशीवर तो वाजला की आम्ही भावंडं जेवणाच्या ताटावरून उठून पळायचो. तसला भरदार आवाज मी पुन्हा कुठे ऐकला नाही.

माझ्या प्रज्ञाचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "आबा, कार्यालयापर्यंत मला तुमीच न्यायचं. आपल्या गाडीतून!"

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "नेतो की! दारात असा हॉर्न मारतो, सगळ्या माजलगावाला कळंल नात आली म्हणून."

आता सहाची बॅटरी आणायची कुठून? दुकानदार म्हणाला, "मास्तर, सहाची न्हाई भेटत. ट्रॅक्टरची बाराची घेऊन जावा. दिव्यांचे बल्ब बदला, अन् हॉर्न-वायपरला व्होल्टेज कमी करायचा डबा लावा."

बल्ब मी बदलले. डब्याला मात्र हसलो. "डबा कशाला? सहा अन् सहा बारा! हॉर्न आणि वायपर एकामागे एक, एकसर जोडले की निम्मी निम्मी वीज वाटून घेतील."

"आरं, पण दोघांची भूक सारखी हाय का?" आबांनी विचारलं.

"आबा, पंचवीस वर्षं हेच शिकवतोय मी!"

आबांनी पाना माझ्या हातात ठेवला. शिकलेल्या मुलाशी ते कधी वाद घालत नसत. पोटाला चिमटा काढून त्यांनीच शिकवलं होतं ना!

लग्नाच्या सकाळपर्यंत जोडणी उरकली, पण हॉर्न वाजवून बघायला सवड मिळाली नाही. (गाडीला झेंडूच्या माळा बांधणारे नातेवाईक मला जवळ येऊ देईनात!) पांढऱ्या साडीत प्रज्ञा मागे, मी पुढे, आबा स्टिअरिंगवर. माजलगावात शिरताना उसाची ट्रॉली आडवी आली. आबांनी हॉर्नचं बटण दाबलं.

हॉर्न म्हणाला, "चूं." आणि कडक उन्हात वायपर जिवाच्या आकांताने हलायला लागला!

"हे काय रं मास्तर?"

"वायपरच सगळी वीज खातोय," मी पुटपुटलो.

"मंग मी काय इचारलं होतं तुला?"

पुढच्या चौकात पुन्हा चूं, पुन्हा वायपर. रस्त्यावरचे लोक त्याला हात हलवून उत्तर द्यायला लागले! मागे प्रज्ञा तोंडात पदर कोंबून हसत होती.

कार्यालयाचं दार आलं. सगळे पाहुणे बाहेर उभे. आबांचा हात बटणापर्यंत गेला आणि मागे आला. त्यांचा चेहरा इतका पडला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दाबा आबा," प्रज्ञा म्हणाली. "चूं तर चूं!"

आबांनी दाबलं. वायपर उसळला, झेंडूच्या माळेत गुरफटला आणि जागीच अडकला. अडकलेली मोटर वीज अडवून धरत नाही. सगळा जोर गेला हॉर्नकडे. आणि तो वाजला! तोच, तस्सा, भरदार! व्याह्यांनी दचकून गुलाबपाणी स्वतःच्याच अंगावर ओतून घेतलं. मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

"आबा, सोडा! वायपरमधून धूर येतोय!"

"येऊ दे!" आबा बटण सोडीनात.

शेवटी सोडलं तेव्हा डोळे पुसत म्हणाले, "लई बेस, मास्तर. तुझं शास्त्र बरोबर हाय. त्याला फकस्त झेंडू लागतोय."

हल्ली एकसर जोडणीचा धडा आला की मी शेजारच्या वर्गावरच्या बाईंना बोलावतो आणि मागच्या बाकावर बसून ऐकतो.