मामेसासऱ्यांची राखीव वायर

खोलून सुटी करता येणार नाही अशी वस्तू या पृथ्वीतलावर माझ्या मामेसासऱ्यांना अजून भेटलेली नाही, आणि पुन्हा जोडल्यावर जिच्यातून काही उरलं नाही अशीही भेटलेली नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, मुक्काम कुंडल. फौजेत ते वायरलेसवर होते. त्यांनी फौज सोडून वीसेक वर्षं झाली, पण फौजेने त्यांना अद्याप सोडलेलं नाही. चहाला ते कुणाला 'या' म्हणत नाहीत, 'हजर व्हा' म्हणतात. आणि त्यांचं सगळं आयुष्य उभं आहे ते 'राखीव' या एका शब्दावर. खिशात दोन चष्मे, कंबरेला दोन पट्टे, सायकलला दोन घंट्या. माझ्या लग्नात तर त्यांनी भटजीसुद्धा राखीव ठेवला होता. मुख्य गुरुजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि हे दुसरे मांडवाच्या कोपऱ्यात पोह्यांची तिसरी बशी घेऊन बसले होते. पहिल्यांचा घसा बसलाच तर, अशी योजना. घसा काही बसला नाही, पण राखीव गुरुजी पोह्यांनी इतके सुस्तावले की अक्षता टाकायलाही उठले नाहीत. तासगावच्या एका दोस्ताचा फवारणीचा पंप मामांनी दुरुस्त केला, तेव्हा अर्धी नोझलं राखीव म्हणून काढून ठेवली. त्या हंगामात एका बाजूच्या द्राक्षवेली टवटवीत आणि दुसऱ्या बाजूच्या रुसलेल्या. दोस्त भांडायला आला, तर मामा शांतपणे म्हणाले, "एक बाजू तर वाचली न्हवं?"

या सगळ्या दुरुस्त्यांत मामींचा वाटा मोठा. मामा हात मागे करायचे आणि मामी न बघता त्या हातात पकड किंवा पाना ठेवायच्या. वर 'आता ह्यातलं काय उरवणार?' असंही विचारायच्या. दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या आणि मामांनी हत्यारांची काळी पेटी बंद केली ती केलीच. घरातला मिक्सर बिघडला तर सून पाट्यावर चटणी वाटायला लागली. पंखा कुरकुरायचा, मामा त्याच्याखाली बसून ऐकायचे, उठायचे नाहीत. आम्हाला सगळ्यांनाच ते बघवत नव्हतं. ज्या माणसाच्या दुरुस्त्यांना आम्ही जन्मभर भ्यायलो, त्याने काहीतरी मोडावं म्हणून आम्ही वाट बघायला लागलो.

अशात त्यांच्या नातीला पुण्याला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. तिला नकाशे काढायला दणकट कॉम्प्युटर हवा होता. तिने एकेक भाग स्वतः निवडला, आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या घराच्या पत्त्यावर मागवला, आणि मी ती खोकी गाडीत घालून कुंडलला नेली. जोडणी ती अर्ध्या दिवसात करू शकली असती. पण पोरीने सगळी खोकी आजोबांच्या पुढ्यात मांडली आणि म्हणाली, "आबा, तुमीच जोडा. रविवारी मला निघायचं हाय."

मामांनी एक खोकं उचलून कानाशी हलवून पाहिलं. मग उठले आणि त्यांनी काळी पेटी उघडली.

बुधवार-गुरुवार जोडणी चालली. नात छापील पुस्तिका वाचून दाखवायची आणि मामा 'माहीत हाय' म्हणून पुढचं पान उलटायचे. शुक्रवारी सकाळी यंत्राला हळदकुंकू लागलं, हार पडला, नारळ फुटला. नारळाचं पाणी यंत्रावर उडू नये म्हणून मला मध्ये उभं केलं होतं. ते माझ्यावर उडालं. मामांनी बटण दाबलं. पंखे फिरले, आत निळे दिवे लागले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पडदा मात्र काळाच राहिला. टाळ्या एकेक करून थांबल्या.

मग सुरू झाली शोधमोहीम. मामांनी पडद्याची वायर बदलली, मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली, स्टीलचा पेला यंत्राला लावून आतलं ऐकलं. शेजारचे एक गृहस्थ लिंबू-मिरची घेऊन आले, त्यांना दारातूनच परत पाठवलं. मी कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे यंत्राबद्दल मला काही विचारू नये असा संकेत आहे. तरी मामांनी विचारलंच, "जावई, तुमी कशाला हात लावला व्हता का?" मी नाही म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की क्षणभर मलाच शंका आली. फौजेच्या शिस्तीत ते सगळं वहीत टिपत होते. मी चोरून वाचलं : 'नऊ तीस. पंखे चालू. पडदा काळा. जावई हजर. उपयोग शून्य.'

शनिवारी दुपारपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलेना. मामा जेवायला उठले नाहीत. सोमवारी पोरीचं कॉलेज सुरू होणार आणि आजोबांनी जोडलेलं यंत्र मुकं. मला राहवेना. मी अंगणात जाऊन सांगलीच्या एका मेकॅनिकला फोन लावत होतो, तेवढ्यात नातीने माझा हात धरला.

"काका, नको. काय चुकलंय ते मला कालच दिसलंय."

"मग सांग की त्यांना!"

"मदरबोर्डाला वीज देणाऱ्या दोन वायरी असतात. एक त्यांनी जोडलीय. दुसरी गुंडाळून, चिकटपट्टी लावून मागं ठेवलीय. वर चिठ्ठी हाय, 'राखीव'." तिला हसू आवरत नव्हतं, डोळ्यांत मात्र पाणी होतं. "मी सांगितलं ना, तर आबा पेटी बंद करतील. परत उघडणार न्हाईत."

"आणि नाहीच सापडलं तर?"

"तर तसंच घेऊन जाईन. पण मेकॅनिक नको."

मी फोन खिशात घातला.

रविवारी सकाळी गाडी दारात आली. नातीने गादी, बादली, लोणच्याची बरणी भरली. यंत्र तसंच न्यायचं ठरलं. पण मुक्काम हलवायच्या आधी राखीव सामानाची मोजदाद करायची हा मामांचा नियम, तो मोडायचा प्रश्नच नव्हता. मामा वही घेऊन एकेक मोजायला लागले. राखीव स्क्रू, सात. वायरी बांधायचे राखीव पट्टे, चार. मग त्यांनी यंत्राची मागची बाजू उघडली. राखीव वायर, एक. तिचं आठ भोकांचं टोक हातात धरून ते थबकले. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात आठ काड्यांची एक रिकामी जागा होती. टोकाकडे बघितलं, जागेकडे बघितलं, पुन्हा टोकाकडे. सवयीने त्यांचा दुसरा हात मागे गेला. नातीने त्या हातात कात्री ठेवली. मामांनी वळून पाहिलं नाही. चिकटपट्टी कापली, टोक जागेवर दाबलं, बटण दाबलं, आणि पडदा उजळला.

या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सून पदराने डोळे टिपत आत गेली. मामांनी वहीत लिहिलं : 'दहा पाच. पडदा चालू. चूक माझी.' मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्ये कुणाला सांगायचं न्हाई." मी शब्द दिला. इतके महिने पाळला, हेच पुष्कळ झालं.

आता मिक्सर दुरुस्त झाला आहे आणि त्यातला एक स्क्रू राखीव म्हणून डबीत आहे. नात दर रविवारी फोन करते आणि कॉम्प्युटरचा नवा बिघाड सांगते. कधी पंखा घरघरतो, कधी बटण अडकतं. मामा पाऊण तास उपाय सांगतात. परवा मी तिथेच होतो. फोन ठेवल्यावर मी काळजीने विचारलं, "मामा, सारखं बिघडतंय की हो ते. दुकानात दाखवायचं का?"

"काय बिघडलं न्हाई त्येला," मामा चष्मा पुसत म्हणाले. "फोनमधनं मागं पंख्याचा आवाज ऐकला मी. ठणठणीत हाय. पोरगी खोटं बोलती."

"मग तुम्ही पाऊण तास सांगत काय होता?"

"इचारतीया, तर सांगायला नको व्हय?"

ते चहा सांगायला आत गेले. वही उघडीच होती, म्हणून मी वाचली. त्या रविवारच्या तारखेपुढे लिहिलं होतं : 'बिघाड नाही. संपर्क चालू.'