पत्र्यावर वाळवलेला फणसांबा

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून मी हातमागावर बसतो. पण स्वतःचा गाढवपणा सांगायला शाळा कशाला लागते?

तोंड आलं होतं हो माझं! जीभ, गाल, सगळं सोलवटलेलं. भाकरीचा घास म्हणजे निखारा! आणि नेमके आठवड्याभरानं मंगळवेढ्याहून सांगून आलेल्या मुलीचे मामा मला बघायला येणार होते. आधीच मी लाजाळू. नाव विचारलं तर सांगायला तोंड तरी नको का?

वैद्यबुवांनी ओला फणसांबा दिला. फणसाच्या खोडावर येणारी अळंबी ती, कोकणातून आलेली. म्हणाले, "चार दिवस सावलीत वाळव. मग दुधात उगाळून लाव."

चार दिवस? सोलापुरात? अहो, इथं पापड टाकून पाठ फिरवली की वाळतो! मी चकत्या करून पत्र्यावर टाकल्या. संध्याकाळी कडकडीत.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, वैद्यांनी सावली सांगितली व्हती न्हवं?"

"वाळलं ते वाळलं! सावली काय अन् ऊन काय!"

पाच दिवस उगाळून लावलं. ढिम्म फरक नाही! असा संताप आला म्हणता! जन्मात कुणाला अरे म्हटलं नाही, तो मी तडक वैद्यांच्या ओसरीवर गेलो आणि भर लोकांत ओरडलो, "लबाड आहात तुम्ही! औषध म्हणून लाकूड दिलंत!"

वैद्यबुवा शांत. "कुठं वाळवलंस?"

"पत्र्यावर! उन्हात! एका दिवसात!"

"अरे शहाण्या, वाळताना नुसतं पाणी जात नाही, आतला रस बदलतो. ओली अळंबी वेगळी, सावलीत वाळलेली वेगळी, उन्हात भाजलेली वेगळी. मी औषधच दिलं होतं. लाकूड तू केलंस."

लोक हसले. माझा राग आणखी भडकला. मी फणसांबा, कोकण, वैद्यकी, सगळ्यांचा उद्धार केला!

कोपऱ्यात गुडघ्याला लेप लावून एक फेटेवाले बसले होते. त्यांनी विचारलं, "कुनाचा म्हनायचा ह्यो?"

ओसरीवरचा एकजण म्हणाला, "गल्लीतलाच आमच्या. उद्या मंगळवेढ्याचे पाहुणे याला बघायला यायचेत."

"त्यो पाहुना म्याच की! एक दिस आदी आलो गुडघ्यापायी." मामांनी मला खालून वर न्याहाळलं. "तोंड आल्यावर ह्यो एवढा वरडतोय. बरं झाल्यावर आमच्या पोरीचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा खरंच घरी आले. ओरडून ओरडून माझी जीभ टम्म सुजलेली. मी खाली मान घालून समोर बसलो. नाव विचारलं, गप्प. काम विचारलं, गप्प.

मामा वहिनींना म्हणाले, "कालच्या परास आज लई बरा वाटतोय. असाच ऱ्हाईल का कायम?"

"व्हय व्हय! असाच हाय त्यो!" वहिनी म्हणाल्या.

असा राग आला मला! पण तोंड उघडतंय कुठं? मी मान डोलावली आणि राग गिळला.

तोसुद्धा जिभेला झोंबला.